बंब, भोंगा आणि नऊ व्होल्ट

१२ जुलै २०२५, शनिवार, म्हार्दोळ, गोवा

पावसाने एका कौलाखालून वाट काढली म्हणून दादा माळ्यावर चढला. उतरला तेव्हा त्याच्या काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं टांगायच्या, चौकटीमागे इतकी वर्षं पडून होता म्हणे. डबा माझ्या हातात आला आणि आतून जो खळखळाट झाला तो मला झोपेतही ओळखता आला असता. माझा बंब!

मामाने १९८९ साली कुवेतहून सुट्टीवर येताना आणलेला, लेगोच्या जोडायच्या ठोकळ्यांचा लाल आगीचा बंब. मी तेव्हा आठ वर्षांची होते. चवथीच्या आदल्या रात्री मामा आला, आणि आई करंज्या तळत असताना आम्ही वसरीवर बसून तो बांधला. पहाटे गणपती आणायला निघेपर्यंत बंब मखराशेजारी उभा होता, दिवे लावून.

आज ठोकळे वर्तमानपत्रावर पसरले. शिडी शाबूत आहे. चाकं सहापैकी चार. दिव्याचे दोन ठोकळे, भोंग्याचा एक, धातूच्या पट्ट्या बसवलेल्या पाच पाट्या आणि बॅटरीचं खोकं. खोक्यात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी तशीच राहिली होती, आणि तिने आपला सगळा राग आजूबाजूच्या धातूवर काढला आहे. पांढरा चुरा, हिरवा थर, एका टोकाची तर नुसती खूण उरली आहे. डबा बंद करताना बॅटरी मी काढायला हवी होती. या गोष्टीचं मला आज फार वाईट वाटलं.

ठरवलं: २७ ऑगस्टला चवथ आहे, तोवर बंब दिव्या-भोंग्यासह उभा करायचा. जे काही करेन ते इथे लिहून ठेवायचं.

१३ जुलै, रविवार

आजचा अख्खा दिवस साफसफाईत गेला.

गळलेल्या बॅटरीला काय लावायचं हे ती कुठल्या जातीची त्यावर ठरतं. अल्कलाइन असेल तर तिच्यातून क्षार बाहेर येतो आणि त्याला लिंबू किंवा व्हिनेगर चालतं. माझी जुन्या पद्धतीची जस्त-कार्बनची निघाली. तिच्यातली गळ आम्लाकडे झुकणारी, म्हणून तिला खाण्याचा सोडा. सोड्याची पेस्ट कापसाच्या काडीवर घेऊन कोपरे पुसले. किंचित फेस आला, चुरा सुटला.

हिरवा थर मात्र हलेना. आई शेजारी बसून उद्याच्या पूजेची तांब्या-पितळेची भांडी घासत होती. ती म्हणाली, "तांबंच ना ते? मग सोलां लाव." भिजवलेल्या आमसोलांचा गर तिने माझ्यापुढे सरकवला. पट्ट्यांना तो लावून पाच मिनिटं ठेवला, मऊ ब्रशने घासला, आणि हिरव्याखालून गुलाबी तांबं वर आलं. आमसोलातलं आम्ल तो थर विरघळवतं. पण ते नीट धुऊन काढलं नाही तर दोन दिवसांत हिरवं परत येतं, आणि जुलैच्या आमच्या हवेत तर एका रात्रीत. म्हणून तीन पाण्यांनी धुतलं, वर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि पाट्या कोरड्या फडक्यात बांधून उकड्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या.

या पाट्यांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. लेगोने १९८६ मध्ये दिवे आणि आवाज असलेली ही मालिका काढली. त्याआधी आमच्या घरात बांधायचं खेळणं म्हणजे दादाचा भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचा आणि नट-बोल्टचा संच. त्या कल्पनेचं मूळ लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीकडे जातं, त्याने १९०१ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि पुढे तिचं मेकॅनो झालं. दादाच्या पट्ट्यांची क्रेन छान व्हायची, वजन उचलायची. पण तिला उजेड द्यायचा तर टॉर्चचा बल्ब वायरने बांधावा लागे, आणि तो बांधलेलाच दिसे. मामाच्या बंबात वायर शोधूनही सापडेना. ठोकळ्याच्या डोक्यावरच्या उंचवट्यांना धातू लावलेला, वरचा ठोकळा दाबून बसवला की वीज त्यातून पुढच्या ठोकळ्यात जायची. भिंत हीच वायर! ठोकळा अर्धवट बसला तर दिवा लागत नसे. मोठ्या माणसाला विचारावं लागत नसे, आपण बरोबर बांधलं की नाही ते बंबच सांगायचा.

मला त्या वयात दुसऱ्या कुठल्याच वस्तूने इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं.

१९ जुलै, शनिवार

खाऊन गेलेल्या टोकाच्या जागी पितळेची पातळ पट्टी कापून सोल्डर केली. प्लॅस्टिक वितळू नये म्हणून पट्टी आधी बाहेर तापवून कथिल चढवलं, मग आत दोन सेकंदच टेकवलं.

रात्री नऊ वाजता नवीन बॅटरी घातली. वसरीवरचा दिवा मालवून पहिला ठोकळा पाटीवर दाबला. काही नाही. अंगठ्याने आणखी जोर दिला, 'टक्' झालं आणि दिवा लागला.

आई आतून म्हणाली, "लागला गो?" मी उत्तर दिलं नाही म्हणून ती उठून बघायला आली.

२० जुलै, रविवार

दुसरा दिवाही चालू. भोंगा गेला आहे. पट्ट्या साफ आहेत, नऊ व्होल्ट आतपर्यंत पोचतात हे मीटरवर दिसतं, पण आवाज नाही. ठोकळा बंद बांधणीचा आहे. उघडायचा तर फोडावा लागेल, आणि ते मी करणार नाही. तो आपल्या जागी तसाच बसेल, आवाजाची सोय त्याच्या मागे वेगळी करायची.

२६ जुलै, शनिवार

भोंग्याचा आवाज काढणारी चिप, यूएम३५६१, मिळाली. फोंड्यात दोन दुकानं पालथी घातली, शेवटी मुंबईहून मागवली. आठ पायांची ही इवलीशी चिप माझ्या पिढीच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्सवेड्या पोराने कधी ना कधी हातात घेतलेली. तिची धाकटी बहीण यूएम६६, तीन पायांची, ट्रान्झिस्टरसारखी दिसणारी. शुभेच्छापत्र उघडलं की वाजणारी धून, दाराची गाणारी घंटा, नव्वदच्या दशकात रिव्हर्स घेताना गाडीतून येणारं ते सूर धरलेलं गाणं, या सगळ्यामागे अशाच चिपा. यूएम६६ गाते, यूएम३५६१ ओरडते. तिच्यात चार आवाज आहेत: पोलीस, आगीचा बंब, रुग्णवाहिका आणि मशीनगन. सातव्या-आठव्या पायात २२० किलो-ओहमचा रेझिस्टर घातला की झालं. चालते तीन व्होल्टवर.

पणजीहून परत येताना बसमध्ये भाचा शेजारी होता. त्याला सांगितलं की फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रोने मिळून सुरू केली आणि तिचा कारखाना आपल्या गोव्यातच आहे. त्याचा विश्वास बसेना. त्याच्या मनात खेळणी दूर कुठेतरी तयार होतात. माझ्याही मनात तसंच होतं. आमच्यासाठी ती आखातातून, मामा-काकांच्या बॅगेतून यायची, साबणाच्या वड्या आणि दुधाच्या पावडरीच्या डब्यांमधून. बंबाच्या ठोकळ्यांना पहिले काही दिवस त्या साबणाचा वास होता.

२ ऑगस्ट, शनिवार

आज काम केलं नाही. मडगावला मामाला फोन केला, बंब सापडल्याचं सांगायला.

तारीख माझ्या लक्षात नव्हती, त्याच्या होती. "आज पस्तीस वर्षं झाली," तो म्हणाला. २ ऑगस्ट १९९०, इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं तो दिवस. मामा तिथे एका दुकानाचे हिशेब बघायचा. ते पहाटेचे आवाज, मग कित्येक आठवड्यांची वाट पाहणं, बसने इराकमधून जॉर्डन, अम्मानचा तळ आणि तिथून एअर इंडियाचं विमान. त्या वेळी सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना असं परत आणलं गेलं. हे सगळं आम्ही घरात तुकड्या-तुकड्यांनी ऐकलेलं. आईने त्या पावसाळ्यात बोललेला नवस मला आठवतो. मामा आला तेव्हा त्याच्या खांद्याला एकच पिशवी होती हेही आठवतं.

आज त्याने जे सांगितलं ते मात्र आधी कधी ऐकलं नव्हतं. "दुसरी पेटी पण घेऊन ठेवली होती तुझ्यासाठी. पोलिसांची गाडी. निळा दिवा होता. खाटेखाली राहिली."

मला काय बोलावं कळेना. मी विचारलं, "मोठी होती का रे?"

"बंबापेक्षा थोडी लहान," तो म्हणाला.

९ ऑगस्ट, शनिवार, सुतांपुनव (नारळी पौर्णिमा)

सकाळी जानव्यांची गडबड. दुपारी भाच्याला घेऊन ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या भोकांच्या पाटीवर, सर्किट मांडलं. नऊ व्होल्टमधून चिपसाठी ३.३ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा डायोड) आणि ४७० ओहमचा रेझिस्टर. चिपच्या तिसऱ्या पायातून आवाज बाहेर, ४.७ किलो-ओहममधून बीसी५४८ ट्रान्झिस्टरच्या बेसला, कलेक्टरवर आठ ओहमचा लहान स्पीकर.

वाजलं! पण अर्ध्या मिनिटात ट्रान्झिस्टरला बोट लावेना. स्पीकर मी सरळ नऊ व्होल्टवर जोडला होता. आठ ओहमच्या स्पीकरला नऊ व्होल्ट दिले तर प्रवाह ॲम्पिअरच्या आसपास जाऊ पाहतो, आणि हा बिचारा १०० मिलिॲम्पिअरचा धनी. बेसचा प्रवाह कमी होता म्हणूनच तो इतका वेळ टिकला. स्पीकरच्या रांगेत अर्ध्या वॅटचा १०० ओहम घातला, आता काही झालं तरी ८५च्या वर जाणार नाही. आवाज मऊ झाला. घरात, मखराशेजारी, तेवढाच हवा.

भाच्याने विचारलं, "आत्या, आपण याला मोबाइलच्या स्पीकरला का नाही जोडत? तिथे खरा सायरन मिळतो." मी म्हटलं, हाही खराच आहे, तू जोडलास म्हणून वाजतो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने १०० ओहमचा रेझिस्टर काढला, आवाज वाढलेला ऐकला, ट्रान्झिस्टरला बोट लावलं आणि स्वतःच परत घातला.

१० ऑगस्ट, रविवार

काल रात्री झोप लागत नव्हती तेव्हा डोक्यात आलं. चिपचा सहावा पाय धनाला जोडला तर बंबाचा आवाज, ऋणाला जोडला तर रुग्णवाहिका, आणि कुठेच जोडला नाही तर पोलीस. मग मधे बंद असणारा, दोन्हीकडे जाणारा टॉगल बटण लावलं तर? वर बंब, खाली रुग्णवाहिका, मधोमध पोलिसांची गाडी.

सकाळी करून पाहिलं. चालतं.

पोलिसांची गाडी बांधायची. भाच्याकडचे नवे ठोकळे आहेतच. लेगोचा आजचा ठोकळा १९५८च्या ठोकळ्यावरही बसतो, मग १९८९ म्हणजे कालचीच गोष्ट.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

दुसऱ्या गाडीसाठी पाट्या नाहीत, त्या आम्हालाच करायच्या. तांब्याची चिकट पट्टी आणून ठोकळ्याच्या उंचवट्यांवर चढवली. दोन उंचवट्यांच्या मध्यांत आठ मिलिमीटर अंतर, एकेकाची जाडी ४.८. पट्टी बारीक कापायला हात स्थिर लागतो, भाच्याचा माझ्यापेक्षा स्थिर आहे.

पहिले तीन ठोकळे बसलेच नाहीत. पट्टी कागदाहून पातळ, तरी तेवढ्या जाडीनेही वरचा ठोकळा अडतो. माप इतकं काटेकोर! जोर लावल्यावर एक बसला, पण काढताना तांबं गोळा होऊन आलं. दुपारभर असंच. मग उंचवट्याला सगळीकडून न गुंडाळता एकाच बाजूला दोन मिलिमीटरची पट्टी लावली आणि वरच्या ठोकळ्याच्या आतल्या भिंतीला समोर तशीच दुसरी. आता बसतो, सुटतो, आणि दिवा लुकलुकत नाही. निळ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात म्हणून तिच्यासाठी ४७० ओहम.

ज्यांनी हे चाळीस वर्षांपूर्वी मुलांच्या हातात टिकेल असं करून दाखवलं, त्यांच्याबद्दल आज मनात फार आदर दाटून आला. आम्हाला एक पाटी करायला चार तास लागले.

१७ ऑगस्ट, रविवार

माशेलला गेलो. चवथीचे चलत देखावे तिथे दरवर्षी होतात, तयारी बघायला मिळते. एका मांडवात गाडीच्या वायपरची मोटर लावून राक्षसाचा हात हलवत होते. बारा व्होल्ट, आत वर्म गिअर, म्हणून सावकाश आणि ताकदीने फिरते. बांबूच्या कांबींतून दोरी कशी नेली आहे ते त्या मुलांनी भाच्याला खाली वाकून दाखवलं. लहानपणी मी बाबांच्या खांद्यावरून देखाव्याचा पुढचा भाग बघायची, मागे जाऊन बघायला मिळावं म्हणून तळमळायची. भाचा आज अर्धा तास मागेच होता.

२४ ऑगस्ट, रविवार

दोन्ही गाड्या उभ्या. बंबाचे लाल ठोकळे अजून लालबुंद, पांढरे मात्र पिवळट पडले आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं तर ते बरेचसे पांढरे होतात, पण ऑगस्टात ऊन कुठून आणायचं? दादा म्हणाला, दिवाळीनंतर कर. नाही करणार. हे ठोकळे पिवळे झाले त्या वर्षांत आम्हीही इथेच होतो. राहू देत.

हरवलेल्या दोन चाकांच्या जागी भाच्याने आपल्या गाडीची काढून दिली. मी मागितली नव्हती.

२६ ऑगस्ट, मंगळवार, तय (हरतालिका)

माटोळी बांधून झाली. सुपारीचे घोस, नारळ, तोरिंगं, रानातली फळं, सगळं ओलं-हिरवं डोक्यावर लोंबतंय. संध्याकाळी दोन तास लाईट गेली. गाड्या तपासल्या, ठीक. बॅटरी काढून ठेवली.

२७ ऑगस्ट, बुधवार, चवथ

मामा दुपारी आरतीच्या वेळी आला. गुडघे दुखतात म्हणून त्याला खुर्ची दिली, पण जेवणं झाल्यावर तो मखरासमोर खालीच बसला. मी बंब त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उचलला, उलटा करून बॅटरीचं खोकं पाहिलं, पितळेच्या पट्टीवरून नख फिरवलं. "हे तू केलंस?"

मग दिवे लावले. भोंगा सुरू केला. तो कान देऊन ऐकत राहिला आणि कोकणीत म्हणाला, "हो आवाज तो न्हय."

मी म्हटलं, तो भोंगा गेला मामा, हा वेगळा आहे. तो म्हणाला, त्याचा बारीक होता, हा जाड आहे. छत्तीस वर्षांपूर्वी एका रात्रीत ऐकलेला आवाज त्याच्या कानात तसाच होता. माझ्या कानात नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. मी इतके दिवस जो आवाज आठवतोय असं समजत होते तो चिपचाच, कुठल्या तरी दाराच्या घंटेतून किंवा गाडीतून ऐकलेला. मामा सांगत गेला, कसा वर जायचा, कुठे तुटायचा. भाचा वहीत लिहून घेत होता.

मग भाच्याने पोलिसांची गाडी आणली. निळा दिवा, बटण मधोमध. मामाने ती हातात घेतली नाही, जमिनीवरच थोडी पुढे-मागे केली. "निळा दिवा इथे नव्हता," तो म्हणाला, "टपावर, मागच्या बाजूला."

भाच्याने ठोकळा काढला, मागे बसवला, अंगठ्याने दाबला. लागला नाही. पुन्हा दाबला. 'टक्' झालं.

मामाने चष्मा काढून पुसला. आई म्हणाली, चहा ठेवते.

३१ ऑगस्ट, रविवार

संध्याकाळी विसर्जन झालं. परत येऊन बंब सोडवला. पट्ट्यांवर चार दिवसांत किंचित काळपट छटा आली आहे, स्पिरिटने पुसली. ठोकळे सुकवून नव्या डब्यात, बरोबर सिलिका जेलच्या चार पुड्या. बॅटरी काढली. झाकणाच्या आतून कागद चिकटवला: बॅटरी काढली आहे, ३१-८-२०२५. टॉगलचं सर्किट त्याच कागदावर काढून ठेवलं.

पोलिसांची गाडी मामा मडगावला घेऊन गेला. भाच्याला त्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं, फक्त तिची बॅटरी कधी बदलायची ते त्याने मामाला दोनदा समजावून सांगितलं.

राहिलेलं काम: मामाने सांगितलेला बारीक आवाज. २२० किलो-ओहमच्या जागी थोडा कमी घातला तर चिपचा सूर वर जातो. १८०पासून सुरुवात करून पाहायची. मामाला फोनवर ऐकवायचा.